वीस फुटांपर्यंत मुरूम, पुढे काळा दगड

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते शिक्षक होते. गावात कुठं विहीर खोदायचं काम निघालं की गुरुजी वर्गातली मुलं घेऊन तिथं जात. काठावर उभं करून एकेक थर काठीनं दाखवत. ही काळी माती, हा मुरूम, हा दगड. ज्यांनी त्यांच्या शेजारी उभं राहून विहिरीत वाकून पाहिलं, असे त्यांचे विद्यार्थी आज पांढऱ्या केसांनी पहिल्या रांगेत बसले आहेत. म्हणून आजचा विषय निवडताना मला फार शोधावं लागलं नाही. गुरुजी जे मुलांना काठीनं दाखवत, तेच आज मी तुम्हाला एका कागदावरून दाखवणार आहे.

तो कागद मी वाचून दाखवतो. बोअर मारणाऱ्यानं शेतकऱ्याच्या हातात असा एखादा कागद दिलेला असतो. पुढं तो ट्रंकेत, सातबाराच्या उताऱ्याखाली, घडीवर फाटत पडून राहतो. ऐका.

‘माती ४ फूट. मुरूम २० पर्यंत. केसिंग २२. पुढे काळा दगड. ७० ला लाल. ७५ पासून काळा दगड. ११० ला पाणी, १ इंच. १५० ला बंद.’

संपलं. एवढाच कागद. हा एका विशिष्ट वावरातला कागद आहे असं समजू नका. दारव्ह्यापासून राळेगावपर्यंत कुठंही सापडेल असा, नमुन्याचा म्हणून तो मी मांडला आहे. आपण असा कागद कसा वाचतो? आपली नजर ‘पाणी’ हा शब्द शोधते. तो सापडला की बरं वाटतं, नाही सापडला की कागद परत ट्रंकेत जातो. बाकीचे शब्द कशासाठी लिहिले होते? ‘लाल’ म्हणजे काय लाल? ‘काळा दगड’ दोनदा लिहिला, तो दोन्ही वेळा एकच होता का? आणि मुरुमात पाणी होतं की नव्हतं, हे या कागदावर लिहिलेलं आहे का?

माझं आजचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगतो. जुनी बोअर-नोंद ही साक्ष आहे. साक्ष खरी असते, पण अपुरी असते. ती जशीच्या तशी मानणारा फसतो आणि अडाण्याची म्हणून फेकून देणाराही फसतो. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे असतात. तू कुठं उभा होतास? तू कोण आणि कशासाठी बोललास? तू कशानं पाहिलंस? आणि तुझ्याकडून काय सांगायचं राहिलं? हे चार प्रश्न मी आज क्रमानं घेणार आहे. शेवटी आपण हाच कागद पुन्हा वाचू.

आधी या कागदांचा थोडा इतिहास. आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव वणी जिल्हा. इंग्रजी दप्तरात ‘वुन’. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, वणीच्या बाजूला जमिनीत छिद्रं पाडली गेली ती कोळशासाठी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्राचा वृत्तांत १८७७ साली प्रसिद्ध केला. म्हणजे इथली जमीन फुटाफुटानं लिहून ठेवण्याची रीत दीडशे वर्षांची आहे.

पाण्यासाठीच्या नोंदी भराभर वाढल्या त्या मात्र दुष्काळानं. १९६७ मध्ये युनिसेफनं हवेच्या दाबावर हॅमर चालवणारी वेगवान यंत्रं भारतात आणली. ज्या कठीण खडकात जुन्या यंत्राला आठवडे लागत, तिथं हे यंत्र दिवसाभरात पार होऊ लागलं. मग आला १९७२ चा दुष्काळ. वडीलधाऱ्यांना तो आजही सालाच्या आकड्यानंच आठवतो. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. गावोगावी हातपंप आले. त्या हातपंपाच्या घडणीतही महाराष्ट्राचा वाटा आहे. जालना आणि सोलापूर इथं तयार झालेल्या पंपांच्या अनुभवावरच पुढं ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. प्रत्येक हातपंपाखाली एक छिद्र आहे, आणि प्रत्येक छिद्रामागं कुठंतरी एक कागद होता. त्यानंतर खाजगी बोअर आले, आणि कागदांची गणती राहिली नाही.

आता पहिला प्रश्न. तू कुठं उभा होतास?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा, कारण आपल्या जिल्ह्याला जमिनीखाली दोन चेहरे आहेत. यवतमाळ, नेर, दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, कळंब, बाभुळगाव हा सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग काही काळ शांतता, आणि पुन्हा नवा लाव्हा. थरावर थर, जवळजवळ आडवे. झिजल्यावर त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून या खडकाला पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हणतात.

यातला एकेक थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. हे ध्यानात ठेवा, पुढं सारखं लागणार आहे. लाव्हा थिजताना त्यातले वायू बुडबुड्यांनी वर येतात, म्हणून थराचा माथा सच्छिद्र होतो. पुढं त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरतात. अशा ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला आपले लोक ‘मांजऱ्या’ म्हणतात. थराचं पोट घट्ट असतं, तोच काळा पाषाण. तो थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. २०२१ मध्ये शिबला-पारडीच्या बाजूला रस्त्याच्या कामात षट्कोनी खांबांसारखे दगड उघडे पडले आणि लोक पाहायला गेले. ते खांब म्हणजे या आकसण्याचं उघड्यावर आलेलं चित्र. बोअरमध्ये आपण अशाच भेगा शोधत असतो. आणि एक थर थिजून उघडा पडला, त्याच्या माथ्याची माती झाली, त्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला, तर दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा राहतो.

आता दुसरा चेहरा. वणी, मारेगाव, झरी जामणी आणि पांढरकवड्याच्या बाजूला चला. तिथं काळ्या पाषाणाची ही चादर पातळ होत जाते आणि ठिकठिकाणी संपते. खालून गोंडवनाचे खडक वर येतात. वालुकाश्म, ज्याला आपण रेतीचा दगड म्हणतो, शेल आणि कोळसा. हे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्याहीपेक्षा जुना, सुमारे शंभर कोटी वर्षांचा चुनखडक मुकुटबन-राजूरच्या बाजूला आहे. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या त्यावरच पेटल्या.

शब्द मात्र सगळीकडे तेच! ‘चुनखडी’ हा शब्द घ्या. दारव्ह्याच्या नोंदीत आठ फुटांवर ‘चुनखडी’ लिहिली असेल, तर ते काळ्या मातीच्या बुडाशी साठलेले पांढरे खडे. त्यांची जाडी दोन-चार फूट, आणि त्यांच्याखाली मुरूम. मुकुटबनच्या नोंदीत साठ फुटांवर ‘चुनखडी’ लिहिली असेल, तर तो साक्षात चुनखडक. त्यात पाण्यानं झिजून झालेल्या फटी असू शकतात, आणि एका फटीत भरपूर पाणी तर दहा हातांवर कोरडं असा प्रकार घडू शकतो. शब्द एक, जमिनी दोन.

‘लाल’ घ्या. पुसदकडे लाल म्हणजे बहुधा दोन थरांमधला गेरू. वणीकडे लाल म्हणजे गोंडवनाची लाल चिकणमाती किंवा लाल रेतीचा दगडही असेल. गेरू पाण्याला अडवतो, रेतीचा दगड पाण्याला जागा देतो. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ! ‘काळा दगड’ घ्या. दिग्रसला काळा दगड म्हणजे पाषाण. वणीच्या बाजूला तो कोळशाजवळचा मऊ काळा शेलही असू शकतो. आणि ‘पांढरे खडे’? पाषाणात ते मांजऱ्यातल्या खनिजांचे, मातीत ते चुन्याचे.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावातल्या नोंदीत मी ‘चुनखडी’ वाचलं आणि पश्चिमेकडच्या सवयीनं ते मातीतले खडे समजलो. खाली पाषाण असणार असं धरून जागा सुचवली. तिथं पाषाण नव्हताच. एका कुटुंबाचा तो बोअर वाया गेला. त्या घरच्या माउलीनं मला बोल लावला नाही, उलट चहा दिला. तो चहा मी विसरू शकलो नाही. तेव्हापासून कुठल्याही नोंदीत मी आधी गावाचं नाव वाचतो, मग शब्द वाचतो.

दुसरा प्रश्न. तू कोण, आणि कशासाठी बोललास?

विहीर खोदणाऱ्या बेलदारानं ‘कठीण मुरूम’ म्हटलं, तर त्याचा अर्थ असा की पहारीला त्रास झाला पण सुरुंग लागला नाही. तो खडकाची जात सांगत नव्हता, आपल्या मेहनतीची जात सांगत होता. सरकारी कामाच्या मोजमापात माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे वर्ग असत आणि प्रत्येक वर्गाचा दर वेगळा. त्यामुळं विहिरीच्या जुन्या मोजमापवहीतली ‘मऊ खडक’ आणि ‘कठीण खडक’ यांची सीमा ही पुष्कळदा दराची सीमा असते. त्यात खोटेपणा आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ती सीमा पहार आणि सुरुंग यांनी आखली, भूवैज्ञानिकानं आखली नाही. तसं समजून वाचलं की ती फार उपयोगाची आहे. जिथं पहार थांबली, तिथं झिजलेल्या खडकाचा तळ आहे. विहिरीचं पाणी बहुधा त्याच तळाच्या आगेमागे झिरपतं.

आता बोअरवाला. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या कितीतरी गाड्या तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या. गाडीवरची माणसं तमिळ बोलणारी, शेतकरी वऱ्हाडी बोलणारा, मध्ये एजंट, आणि कागद लिहिणारा आणखी चौथाच. नळीतून बाहेर आलेला रंग तिकडच्या माणसानं पाहिला, खुणेनं सांगितला, इथल्या माणसानं आपल्या शब्दात बसवला. ‘लाल’, ‘काळा’, ‘पांढरा’ असेच शब्द या कागदांवर जास्त का दिसतात? कारण रंग खुणेनं सांगता येतो. खडकाची रचना खुणेनं सांगता येत नाही. म्हणून अशा कागदावरच्या रंगावर भरवसा ठेवा, नावावर बेतानं ठेवा. ‘लाल’ खरंच लाल असणार. ‘ग्रॅनाइट’ लिहिलं असेल तर थांबा, कारण आपल्याकडे कठीण लागलेल्या कुठल्याही दगडाला हौसेनं ग्रॅनाइट म्हणण्याची पद्धत पडली आहे.

तिसरा प्रश्न. तू कशानं पाहिलंस?

गुरुजींची मुलं विहिरीत वाकून पाहत होती. त्यांना थराची कड दिसत होती, भेग दिसत होती, भेगेतून ओघळणारा झिरा दिसत होता. म्हणून खोदलेल्या विहिरीच्या नोंदीतला ‘१८ फुटांवर पूर्वेकडून झिरा’ हा शब्द सोन्यासारखा समजा. तो कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला आहे. बोअरमध्ये कोणाचा डोळा उतरत नाही. हॅमर खडक फोडतो, हवा चुरा वर फेकते, आणि आपण फक्त तो चुरा पाहतो.

यातून तीन गोष्टी घडतात. पहिली, चुरा एका रॉडला एकदा पाहिला जातो. रॉड दहा फुटांचा असेल तर नोंदीत थर दहा, वीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर बदलताना दिसतात. जमीन दहाच्या पाढ्यात थोडीच थिजली? खरी कड त्या रॉडच्या आत कुठंतरी असते. गोल आकडा दिसला की मनात दोन्ही बाजूंना एकेक रॉड सोडा. उलट एखाद्यानं ‘७३ ला लाल’ लिहिलं असेल, तर त्याच्याकडं आदरानं पाहा. तो माणूस त्या वेळी नळीजवळ उभा होता.

दुसरी गोष्ट, पातळ थर हरवतात. दीड फुटाचा गेरू चुऱ्यात मिसळून निघून जातो. नोंदीत सलग ‘काळा दगड’ दिसतो. सलग ऐंशी फूट काळा दगड लिहिला असेल, तर तो एकच थर आहे असं म्हणता येत नाही. कोणी वेगळेपण टिपलं नाही, एवढंच म्हणता येतं.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. पाणी लागलं की साक्ष धुऊन जाते. कोरड्यात राखाडी धुराळा उडतो, त्याचा रंग ओळखता येतो. पाणी लागल्यावर सगळा चिखल येतो, आणि वरच्या थरांचा चिखलही त्यात मिसळतो. म्हणून पहिल्या पाण्याच्या वरची नोंद आणि खालची नोंद यांना एकाच तराजूत घालू नका. [इथं वक्त्यांनी फळ्यावर बोअरची उभी आकृती काढून, पाणी लागण्याच्या वरचा आणि खालचा भाग दोन रंगांनी दाखवला.]

चौथा प्रश्न. काय सांगायचं राहिलं?

कागदावर जे नाही, ते कागदाच्या आकड्यांत दडलेलं असतं. पहिला आकडा केसिंगचा, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीचा. केसिंग फुटावर विकत घ्यावी लागते. कोणी हौसेनं जास्त घालत नाही, आणि कमी घातली तर वरचा मुरूम ढासळून बोअर बुजतो. म्हणून केसिंग जिथं थांबली, तिथं घट्ट खडक सुरू झाला. शब्द चुकू शकतात, पण घरच्या पैशानं घेतलेली केसिंग सहसा खरं बोलते. ज्या नोंदीतली वर्णनं पुसली गेली आहेत, तिच्यातली नुसती केसिंग वाचली तरी मुरुमाची जाडी कळते. गावातल्या पन्नास बोअरची केसिंग नकाशावर मांडा, तुमच्या गावात मुरूम कुठं जाड आणि कुठं पातळ ते डोळ्यांसमोर उभं राहील. याला एक रुपया खर्च नाही.

केसिंग आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती ऐकून आपण अस्वस्थ व्हायला हवं. केसिंग मुरुमातलं पाणी बाहेरच अडवते. नोंदीत लिहिलं असतं ‘कोरडा’. त्याचा खरा अर्थ, केसिंगच्या खाली कोरडा! मुरुमात पाणी असेलही. शेजारची विहीर डिसेंबरात भरलेली आणि चाळीस हातांवरचा बोअर कोरडा, असं पाहिलंय की नाही तुम्ही? मग आपण म्हणतो, नशीब. नशिबाचा प्रश्न इथं येत नाही. पाणी ज्या थरात होतं, तो थर आपण नळीनं बंद केला आणि जिथं नव्हतं तिथं शोधत राहिलो.

दुसरा आकडा, इंचाचा. ‘एक इंच पाणी’, ‘दोन इंच पाणी’ हे व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजून सांगतात. आपल्याला वाटतं, दोन इंच म्हणजे एकाच्या दुप्पट. तसं नाही. काटकोनी खाचेतून एक इंच उंचीनं ताशी सुमारे ५०० लिटर वाहतं आणि दोन इंच उंचीनं सुमारे २,९०० लिटर. जवळजवळ सहापट! एका इंचाची चूक इतकी मोठी. शिवाय ते पाणी कोणत्या महिन्यात मोजलं? नोंदीत तारीख नसेल तर तो आकडा अर्धाच आहे. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते, ती उगाच नाही. ऑक्टोबरातलं पाणी आणि मेमधलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत.

आपल्या कळंबचा चिंतामणी आठवा. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, समोर कुंड आहे, आणि काही वर्षांनी तिथं गंगा येते अशी श्रद्धा आहे. त्या साली पाणी चढलं की पंचक्रोशी दर्शनाला लोटते. मी श्रद्धेनं नमस्कार करतो, आणि भूजलाचा अभ्यासक म्हणून आणखी एक गोष्ट पाहतो. जमिनीखालचं पाणी कधी चढलं, हे एका गावानं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं. आपल्या विहिरींचं तेवढं लक्षात ठेवलंय का आपण?

तिसरा आकडा बहुतेक कागदांवर नसतोच. जमिनीची उंची. समजा, टेकाडावरच्या बोअरमध्ये ९५ फुटांवर लाल लागलं आणि नाल्याजवळच्या बोअरमध्ये ६० फुटांवर. वाटतं, लाल थर तिरपा आहे किंवा वेगळाच आहे. पण टेकाड नाल्याहून ३५ फूट उंच असेल, तर? तो एकच थर, आडवा, सपाट, दोन्ही बोअरखालून गेलेला असू शकतो. काळ्या पाषाणाच्या मुलखात फूट जमिनीपासून मोजून भागत नाही, सगळे कागद एका पातळीला आणावे लागतात. मग सुटे कागद एकमेकांशी बोलू लागतात.

आणि एक आकडा कागदावर नसतो, कारण तो कागदच नसतो. कोरड्या बोअरचा कागद कोण जपतो? पाणी लागलेल्या बोअरचा कागद ट्रंकेत गेला, कोरड्याचा फाडून टाकला. त्यामागं किती दुःख असतं, ते या जिल्ह्याला सांगायला नको. कर्ज काढून मारलेला बोअर धुराळा उडवत राहतो आणि घरातली माणसं एकमेकांकडं पाहत नाहीत. पण तोच कोरडा कागद शेजाऱ्याचे पैसे वाचवू शकला असता. आपल्या हातात यशाचेच कागद उरले, म्हणून आपल्याला वाटतं की खाली गेलं की पाणी लागतंच. ती आपली सगळ्यांत महाग समजूत आहे.

पांढरकवड्याच्या बाजूला तर प्रश्न तहानेपुरता राहत नाही. तिथल्या काही पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायला योग्य नाही. मुलांचे दात आणि मोठ्यांची हाडं त्याची किंमत देतात. एका बोअरला दोन खोलींवर पाणी लागलं असेल, तर दोष दोन्ही पाण्यात आहे की एकातच? नोंद असेल तर दोन्ही थरांचं पाणी वेगळं तपासण्याचा विचार तरी करता येतो. नोंद नसेल तर अख्खा बोअर दोषी.

मंडळी, चार प्रश्न झाले. आता आपला कागद पुन्हा वाचू.

‘माती ४ फूट. मुरूम २० पर्यंत. केसिंग २२.’ मुरूम आणि केसिंग एकमेकांशी जुळतात, म्हणून हा भाग पक्का धरा. सोळा फूट मुरूम म्हणजे या वावराखालची टाकी, आणि ती टाकी बोअरनं नळीमागं ठेवली. ‘पुढे काळा दगड. ७० ला लाल. ७५ पासून काळा दगड.’ आपण पाषाणाच्या मुलखात आहोत, तेव्हा लाल म्हणजे गेरू असण्याची शक्यता मोठी. म्हणजे ७० पर्यंतचा काळा दगड एका लाव्ह्याचा, ७५ खालचा दुसऱ्या, अधिक जुन्या लाव्ह्याचा. शब्द एक असला तरी दगड दोन होते! गेरूच्या लगेच खाली जुन्या थराचा सच्छिद्र माथा यायला हवा. कागदावर तो नाही. नसेल, किंवा कोणी टिपला नसेल. इथं ‘माहीत नाही’ असं लिहायचं, धाडसानं अर्थ लावायचा नाही. ‘११० ला पाणी, १ इंच.’ आकडा गोल आहे, तेव्हा रॉडभर पुढंमागं. भेगेतलं पाणी, ताशी पाचशे लिटरच्या आसपास, महिना कळत नाही. ‘१५० ला बंद.’ शेवटच्या चाळीस फुटांत नवं पाणी लिहिलेलं नाही. हीसुद्धा बातमीच आहे.

या शेतकऱ्याला मी काय सांगेन? दुसरा बोअर तीनशे फूट मारण्याआधी त्या सोळा फूट मुरुमाकडं बघा. नाल्यावर बांध घालून, शेतात पाणी जिरवून ती टाकी भरा, आणि शेजारच्या विहिरीचा गाळ काढा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना वेगळं धरलं आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. कायद्यानं ओढलेली ती रेघ आपण स्वतःच्या शहाणपणानंही ओढायला हवी.

२०१८ चा उन्हाळा या शहराला आठवत असेल. निळोणा आणि चापडोह आटले, आणि यवतमाळकर टँकरमागं रांगेत उभे राहिले. त्या दिवसांत या गल्ल्यांतून रात्रंदिवस बोअरचे आवाज येत होते. त्या प्रत्येक बोअरनं आपल्या पायाखालची जमीन उघडून दाखवली. त्यातलं किती लिहून ठेवलं गेलं?

म्हणून शेवटी माझी विनंती, आणि ती अगदी साधी आहे. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. बोअरचा किंवा विहिरीचा कागद सापडला तर त्याच्या मागं गट क्रमांक लिहा, कोणत्या धुऱ्याजवळ आहे ते लिहा, बोअर कोणत्या साली आणि कोणत्या महिन्यात मारला ते आठवून लिहा. कागद हरवला असेल, तर त्या वेळी नळीजवळ उभं राहिलेलं घरातलं म्हातारं माणूस अजून आहे, त्याला विचारा. कोरडा गेलेला बोअर आधी लिहा. आणि ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. शाळेतल्या मुलांच्या हातून ती लिहून घ्या. शब्द त्यांना त्यांचेच वापरू द्या. मुरूम, गेरू, मांजऱ्या, रेतीचा दगड. सोबत गाव, हात, अवजार आणि तारीख असली, तर त्यातला एकही शब्द वाया जाणार नाही.

गुरुजी मुलांना विहिरीच्या काठावर नेत, तेव्हा ‘काय दिसतं?’ एवढंच विचारत, असं त्यांच्या एका विद्यार्थ्यानं मला आज दुपारीच सांगितलं. उत्तर चुकलं तरी ते रागावत नसत, ‘पुन्हा बघ’ म्हणत. ट्रंकेतल्या त्या पिवळ्या कागदांकडं आपण एकदा पुन्हा बघू या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.